दिवाळीआधीचे चार पैसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. गावची शाळा सातवीपर्यंतच होती आणि पुढचे हायस्कूल नदीपलीकडे. मुलीला नदी ओलांडून कोण पाठवणार? २००० साली लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, ती आजतागायत येथेच आहे. मंडळात मी सतरंज्या घालण्याचे आणि चहाचे काम करते. परंतु ह्या वर्षी चिटणीस ताईंनी आग्रह धरला, की ‘दिवाळीआधी घरबसल्या चार पैसे कसे मिळवावेत’ ह्या विषयावर तुम्हीच बोला. मी म्हटले, अहो, मला पैसे मिळवण्यापेक्षा पैसे बुडवण्याचा अनुभव जास्त आहे. त्या म्हणाल्या, तर मग तेच सांगा. म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आता श्रावण चालू आहे. गणपती गेले, नवरात्र गेले, की दिवाळी दाराशी आलीच. दिवाळी म्हटली की बाईच्या मनात आधी दिव्यांची ओळ येत नाही, खर्चाची ओळ येते. मुलांचे कपडे, फराळाचा किराणा, भाऊबीजेला येणाऱ्याजाणाऱ्याचे करणे, कोणाकडे नव्या जावयाचा दिवाळसण, आणि त्यातच सोसायटीचे थकलेले पैसे. नोकरदार माणसाला त्या वेळी बोनसचा आधार असतो. १९६५ साली आपल्या देशात बोनसचा कायदा झाला आणि पुढे त्यात कमीत कमी ८.३३ टक्के अशी मर्यादा आली. म्हणजे वर्षाला साधारण एक महिन्याचा पगार जादा. परंतु ज्याच्या घरचा माणूस चार माणसांच्या छापखान्यात काम करतो, त्याला हा कायदा लागू नव्हता. मालकाने हातावर ठेवले ते खरे. आमचे हे अशाच एका लहान छापखान्यात ठाण्याला आहेत. आणि भगिनींनो, घर सांभाळणाऱ्या बाईला तर कुठल्याच कायद्याने बोनस दिलेला नाही. तिचा बोनस तिनेच कमवायचा, असे मी ठरवले. ते ठरवण्याची वेळ कशी आली, तेवढे आधी सांगते.

२०२० साल आठवा. मार्चपासून टाळेबंदी. छापखाना तीन महिने बंद होता, नंतर उघडला तरी काम अर्धेच होते. लग्नपत्रिका नाहीत, हँडबिले नाहीत, मग छापायचे काय? लोकल गाड्या सामान्य प्रवाशांना बंद. ह्यांना कधी बसने, कधी कोणाच्या स्कूटरवर बसून ठाण्याला जावे लागे. माझी मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली होती. तिच्या फीचा दुसरा हप्ता ४५०० रुपये, आणि तो दिवाळीपूर्वी भरायचा होता. मागायचे कोणाकडे? ज्याच्याकडे मागावे, त्याचीही गत तीच.

माझ्या हातची चकली बरी होते असे चार लोक म्हणतात. आमच्या सासूबाईंचे अनारसे तर जुन्या बिऱ्हाडकरूंच्या अजून आठवणीत आहेत. मी शेजारीपाजारी सांगितले, की ह्या वर्षी फराळाच्या ऑर्डरी घेईन. त्या वर्षी बाहेरचे आणायला लोक भीत होते, घरचे हवे होते. बघता बघता चाळीस किलो चकली आणि चार किलो अनारसे, एवढी मागणी आली. मी हरखून गेले. भाव विचारला तर चकली २०० रुपये किलो सांगितली. तो भाव मी कशावरून काढला? तर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी २२० ने देतात असे ऐकले होते, म्हणून त्यांच्यापेक्षा वीस कमी. बस्स, एवढाच माझा हिशेब.

पुढचे वीस-बावीस दिवस मी कशी होते, ते माझे मला माहीत. दिवसा घरचे काम, रात्री कढई. सोऱ्या दाबून दाबून तळहाताला घट्टे पडले. २१ ऑक्टोबरपासून बायकांना दुपारी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर लोकलने जायची मुभा मिळाली. ह्यांना गाडीत परवानगी नव्हती, मला होती. म्हणून ठाण्याच्या ऑर्डरी पोहोचवायला मी स्वतः निघाले. दोन हातांत दोन पिशव्या, तोंडाला मुखपट्टी, डबा अर्धा रिकामा. वीस वर्षांत ह्यांना डबा देऊन मी गाडीला पाठवले होते. त्या दिवशी मी गाडीला निघाले आणि हे दारात उभे राहून मला सांगत होते, ठाण्याला डावीकडे उतर. मला हसूही आले आणि बरेही वाटले.

परंतु त्यातच एक फटका बसला. ठाण्याच्या एका बाईंच्या तीन किलो चकल्या मी घाईने गरम असतानाच पिशव्यांत भरल्या होत्या. वाफ धरली, चकल्या मऊ पडल्या. बाईंचा फोन आला. चूक माझी होती. मी त्यांचे ६०० रुपये परत केले.

१४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले. पैसे मोजले तर चकलीचे आणि अनारशांचे मिळून, ते सहाशे वजा जाता, ९००० रुपये जमा होते. मी देवापुढे ठेवले. मुलीची ४५०० फी भरली. मला वाटले, मी दिवाळीत नऊ हजार कमावले. आणि संक्रांतीच्या आधी वाण्याचा निरोप आला, की वहिनी, तुमच्याकडे १६८० रुपये अजून येणे आहे. मी चक्रावले. नऊ हजारांतले साडेचार फीला गेले, उरलेल्यातून वाण्याचे दिले, गॅसवाल्याचे दिले, गिरणीवाल्याचे दिले, आणि तरी उधारी राहिली?

त्या रात्री मुलगी वही घेऊन बसली. कॉमर्सची मुलगी, तिने मला आडवे-उभे प्रश्न विचारले. आई, पाच किलो चकलीला किती भाजणी लागते? मी म्हटले, चार किलो. एका किलोच्या साधारण सव्वा किलो होतात. तेल किती? वाया जाणारे धरून दीड लिटरच्या वर. तीळ, ओवा, तिखट? पिशव्या? गॅस? तिने लिहिले ते असे: भाजणीचे धान्य आणि दळण ३४०, तेल १९०, तीळ-मसाला ६०, पिशव्या आणि चिठ्ठ्या ५०, गॅस ४५. बेरीज ६८५. विक्री १०००. उरले ३१५.

मी म्हटले, मग तोटा कुठे आहे? फायदाच आहे. ती म्हणाली, थांब. पाच किलोला तास किती गेले? धान्य निवडणे, धुणे, वाळवणे दोन तास. भाजणे दोन तास. गिरणीची खेप आणि रांग एक तास. भिजवणे, पाडणे, तळणे सात तास. भरणे, वजन करणे एक तास. झाले तेरा. तिने ३१५ ला १३ ने भागले आणि वही माझ्यापुढे सरकवली. तासाला २४ रुपये.

भगिनींनो, आपल्याकडे धुण्याभांड्याला येणारी मावशी तासाला ह्याहून जास्त घेते, आणि योग्यच घेते. सगळा मिळून माझा खरा नफा २८२० रुपये होता. त्यातून साडेचार हजारांची फी कशी भरली जाणार? म्हणून वाण्याची उधारी राहिली.

सासूबाई तेथेच वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तास कसले मोजता? घरचेच तर आहे.” हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे. ऑर्डर देणाऱ्या बायकाही हेच म्हणत होत्या: घरीच करता ना, मग एवढा भाव कशाला? आणि खरे सांगायचे तर मीही मनात हेच म्हणत होते. जे दुकानात विकत मिळते त्याला भाव असतो. जे बाई घरी करते त्याला कौतुक असते, भाव नसतो.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची गोष्ट. मी २०० ला दिल्या हे कळल्यावर त्यांनी १९० केला. आमचे बोलणे बंद झाले. जिन्यात समोरासमोर आलो तर एक भिंतीकडे बघे, एक कुलपाकडे. जानेवारीत मंडळाचे हळदीकुंकू अगदी थोड्या बायकांत झाले, आणि नेमक्या आम्ही दोघी शेजारी बसलो. तिळगूळ द्यावाच लागला. गोड बोला म्हटल्यावर मुकाट कसे राहणार? मी सहज विचारले, तुम्हाला तेल कितीला पडले? त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांचाही वाणी थकला होता. दोघींनी एकमेकींचा भाव पाडला, दोघी रात्री जागलो, आणि फायदा झाला तो दोनशे रुपयांत चकली खाणाऱ्यांचा.

अध्यक्षबाईंनी तेव्हा आम्हाला लिज्जत पापडाची हकीकत सांगितली. आपण सगळ्यांनी ते पापड खाल्ले आहेत, परंतु सुरुवात कशी झाली हे मला माहीत नव्हते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्यांनी ठरवले, की दान किंवा मदत मागायची नाही, आणि नफा असो की तोटा, सगळ्या बहिणींनी वाटून घ्यायचा. पीठ केंद्रावरून घेऊन जायचे, घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड देऊन लाटणावळ घ्यायची. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मराठी बायकांतही प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. त्यांना एकत्र करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. ह्या दोन्ही ठिकाणी पदार्थ नवा नव्हता. पापड आणि पोळीभाजी घरोघर होतच होती. नवे एवढेच, की बायका एकमेकींच्या विरुद्ध न बसता एका बाजूला बसल्या आणि कामाचे दाम ठरवले.

आम्ही काही लिज्जत काढणार नव्हतो. परंतु २०२१ च्या दिवाळीला आम्ही चौघींनी एकत्र करायचे ठरवले. धान्य कल्याणच्या घाऊक बाजारातून एकदम आणले. भाजणी एकीने भाजायची, तिचा हात त्यात चांगला. चकली-शेव दोघींनी, चिवडा आणि शंकरपाळे चौथीने. वही एकच. आणि भाव ठरवताना आधी तास धरले. तासाला ५० रुपये मजुरी लावली. त्या वर्षी तेल फार महाग झाले होते. पाच किलो चकलीला माल, तेल, गॅस, पिशव्या मिळून ७४४ रुपये. काम वाटून घेतल्याने तास अकरावर आले, त्यांचे ५५०. बेरीज १२९४. आम्ही भाव ३२० ठेवला, म्हणजे पाच किलोचे १६००. उरलेले ३०६ मोडतोड, नवी कढई आणि पुढच्या वर्षाचे भांडवल ह्यांसाठी. हे भाव त्या वर्षीचे आहेत, ते तसेच उतरवून घेऊ नका. रीत तेवढी घ्या.

भाव ऐकून काही गिऱ्हाइके तुटली, हे खरे. एक बाई म्हणाल्या, गेल्या वर्षी तर दोनशेला दिली होतीत. मी त्यांना वहीच दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, दोन किलो लिहा. सगळ्याच अशा नसतात. काही गेल्या त्या गेल्याच. परंतु गेल्या वर्षी चाळीस किलोला मला जे मिळाले नव्हते, ते ह्या वर्षी त्याहून कमी कामात मिळाले. मजुरीचे ४५०० आणि नफ्याच्या वाट्याचे १६००. वाण्याची उधारी शून्य.

आता त्या वाक्याकडे येते. दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या रात्री मुलगी वहीत सगळ्यांची मजुरी मांडत होती. तिने विचारले, “आई, आजीचे तास कुठल्या पानावर लिहू?” मी पटकन म्हणून गेले, “आजीचे कसले तास? घरचेच तर आहे.” आणि माझी जीभ मीच चावली. मुलगी माझ्याकडे नुसती बघत राहिली.

अनारसे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, फडक्यावर सुकवायचे, ओलसर असतानाच दळून चाळायचे, गूळ मळून गोळा मुरत ठेवायचा, मग खसखशीवर थापून मंद आचेवर एकेक तळायचा. एक फसला तर तुपात विरघळून जातो. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या सासूने हे दोन वर्षे केले, त्याचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून घेतले, आणि तिचे नाव माझ्या वहीत नव्हते. लोक मला जे करत होते, तेच मी त्यांना करत होते.

आम्ही बसून आठवले. २६ तास निघाले. २६ गुणिले ५०, १३०० रुपये पाकिटात घालून पाडव्याला सकाळी मी त्यांच्या पाया पडले आणि पाकीट हातात दिले. मला वाटले, त्या म्हणतील, मला कशाला गं? त्यांनी पाकीट उघडले, नोटा दोनदा मोजल्या, वही मागवली, मुलीकडून वाचून घेतली, आणि म्हणाल्या, “तांदळाचे पाणी तीन दिवस मी बदलले, ते धरलेले दिसत नाही.” मी आणखी पन्नास दिले. पुढच्या वर्षी त्यातलेच ५०० त्यांनी आमच्या भांडवलात घातले आणि पावती मागून घेतली. तेव्हापासून आमच्या घरात ‘घरचेच तर आहे’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही.

ह्यानंतर सगळे सुरळीत झाले असे समजू नका. २०२१ च्या नरक चतुर्दशीला मी पहाटे अभ्यंगस्नानालाही उठू शकले नाही. मुलगी नवी साडी नेसून मैत्रिणींबरोबर गणेश मंदिराला आणि फडके रोडला गेली, घरचा कंदील लावला तो ह्यांनी, आणि मी दहा वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपले. चार पैसे मिळाले आणि दिवाळी गेली. दुसऱ्या वर्षापासून आम्ही नेम केला: दसऱ्याला ऑर्डरी बंद, आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी कढई खाली. त्यानंतर राष्ट्रपती आले तरी चकली मिळणार नाही.

२०२४ साली आणखी एक धडा मिळाला. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला बसले. आम्ही गणपतीतच भाव सांगून ऑर्डरी घेतल्या. १४ सप्टेंबरपासून सरकारने परदेशी खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले आणि आमचे तेल घ्यायच्या आतच महागले. भाव तर सांगून बसलो होतो. शब्द दिलेला, तो पाळला. त्या वर्षी नफ्याचा वाटा कोणालाच मिळाला नाही, नुसती मजुरी सुटली. मजुरी आधी धरली होती म्हणून तेवढी तरी सुटली. आता आम्ही ऑर्डरीबरोबर अर्धे पैसे आगाऊ घेतो आणि त्याच आठवड्यात तेल भरून ठेवतो.

सरकारी बाजूही थोडी सांगते, कारण पुष्कळ भगिनी तिला घाबरतात. २००६ साली अन्न सुरक्षेचा कायदा झाला. घरी करून विकणाऱ्यांनाही त्याखाली नोंदणी करावी लागते. मी केली त्या वर्षी फी वर्षाला १०० रुपये होती. अर्ज मुलीने घरूनच संगणकावर भरला. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर लिहायचा. शिवाय पदार्थाचे नाव, त्यात काय काय घातले, वजन आणि केल्याची तारीख. शेंगदाणे किंवा तीळ असतील तर जरूर लिहावे, कोणाला सोसत नाहीत. ह्या चिठ्ठीमुळे गिऱ्हाईक भावावरून घासाघीस कमी करते, हा माझा अनुभव आहे.

परदेशी पाठवण्याच्या ऑर्डरी ज्यांना मिळतात त्यांनी त्या सर्वांत आधी कराव्यात. पार्सल पोहोचायला वेळ लागतो. त्यात चिवडा, शेव, शंकरपाळे, कडबोळी असे कोरडे पदार्थ घालावेत. ओल्या नारळाच्या करंज्या आणि खव्याचे काही घालू नये, ते टिकत नाही. चकली घालायची तर पूर्ण गार झाल्यावर भरून, डब्यात कागद दाटून, नाहीतर तिकडे चुरा पोहोचतो.

सगळ्यांनीच तळण करावे असेही नाही. ज्यांना उभे राहवत नाही, त्यांनी चकलीची नुसती तयार भाजणी विकावी. हल्ली नोकरी करणाऱ्या मुलींना चकली घरी पाडायची हौस असते, भाजायला वेळ नसतो. त्यात तेलाची जोखीम नाही आणि उरली तर महिनाभर टिकते. ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे, त्यांना दसरा ते दिवाळी साड्यांचे फॉल-पिको आणि ब्लाउज ह्यांचे काम पुरून उरते. मात्र कोणते काम कोणत्या तारखेला देणार हे लिहून द्यावे, कारण दिवाळीनंतर दिलेल्या ब्लाउजचे पैसे मागताना आपल्यालाच लाज वाटते. ज्यांना सुगंधी उटणे करता येते, त्यांनी नागरमोथा, वाळा, आंबेहळद, चंदन, गुलाबपाकळी अशी कुटून लहान पुड्या कराव्यात. तरुण मुलींनी पणत्या रंगवाव्यात, कंदील करावेत. काम कोणतेही असो, वहीत तीन रकाने मात्र हवेत: मालाला काय लागले, तास किती लागले, आणि हातात काय आले. मधला रकाना कोरा ठेवू नका.

मला कोणी म्हणते, बाई, तू पैशाची फार बाजू घेतेस. बायकांनी फावल्या वेळात संसाराला हातभार लावावा, एवढे पुरे. मी म्हणते, फावला वेळ कुठला? रात्री अकरानंतरचा वेळ हा फावला वेळ नव्हे, तो झोपेचा वेळ आहे. झोप विकायची असेल तर तिचा भाव तरी नीट करावा. आणि हे सुद्धा सांगते, की घरच्यांसाठी केलेल्या फराळाचे तास मी कधी लिहीत नाही. आमच्या ह्यांना शेव आवडते, ती मी करते, तिचा हिशेब नाही. जे प्रेमाने द्यायचे ते प्रेमाने द्यावे, जे विकायचे ते मोजून विकावे. दोन्हींची एकच कढई असली तरी वही वेगळी असावी.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपल्या मंडळात ऑर्डरी घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि दर वर्षी दुसरीने काय भाव लावला ते चोरून विचारण्यात नवरात्र जाते. तेव्हा येत्या बैठकीत सगळ्यांनी आपापली वही घेऊन यावे. तेलाचा, डाळीचा, गॅसचा भाव समोर ठेवून आणि तासाची मजुरी धरून आपण पदार्थवार एक यादी करू, ह्याच्या खाली कोणी विकायचे नाही अशी. वर विकायला कोणाला मनाई नाही. ज्याचा हात चांगला त्याने जास्त घ्यावे. आणि ज्यांच्या घरी सासू, जाऊ, मुलगी हाताखाली राबते, त्यांनी त्यांचे पान आधी उघडावे. माझी सासू तुमच्या वह्या तपासायला येणार आहे, एवढे सांगून ठेवते.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आज येथे पुढच्या रांगेत बसल्या आहेत. आता आम्ही जिन्यात भेटलो, की इतके बोलतो, की खालच्यांना वर जाता येत नाही.

 मंडळाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा देते आणि सर्वांना येणारी दिवाळी आगाऊच सुखाची जावो असे म्हणून खाली बसते. चहा तयार आहे, आणि आज तो मी केलेला नाही.